सुनावणी कोणाची?

‘हितसंबंध’ हा शब्द मराठीत निर्मळ अर्थाने क्वचितच येतो. अमक्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्याविषयीचा संशयच व्यक्त करत असतो. ‘स्टेकहोल्डर’ या इंग्रजी शब्दासाठी कागदोपत्री ‘हितसंबंधी’ असा प्रतिशब्द योजला गेला आणि ज्याचे घर, विहीर किंवा खाजण प्रकल्पाच्या वाटेत येते तो माणूस नकळत स्वार्थी ठरला. पुढे ‘हितधारक’ हा शब्द आला. तो निर्दोष आहे; परंतु मंडणगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत तो कोणी स्वतःहून उच्चारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. लोकांच्या तोंडी रुळला तो ‘प्रकल्पग्रस्त’. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्याच पंक्तीतला हा शब्द. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रहणात चंद्र ग्रासला जातो, तसा प्रकल्पात माणूस. धरणे आणि कारखाने ही विकासाची साधने आहेत असे शासन सांगत असताना मराठी भाषेने त्यांची गणना मुकाट्याने आपत्तींत करून टाकली होती.

आम्ही येथे महाविद्यालयात मराठी शिकवतो. पर्यावरणशास्त्र हा आमचा विषय नव्हे, आणि बांधकामांना आमचा सरसकट विरोधही नाही. सावित्री आणि भारजा या दोन नद्यांच्या मधल्या या डोंगराळ तालुक्यात रस्ता नको, पूल नको असे म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही. मात्र या बांधकामांविषयी लोकांशी जो संवाद व्हावा असे कायदा सांगतो, तो भाषेच्या उंबरठ्यावरच अडखळतो, असे आम्हांला दिसत आले आहे. त्याविषयी बोलण्याचा अधिकार भाषेच्या शिक्षकाला असावा.

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र शासनाच्या अधिसूचनेने या संवादाची रीत घालून दिली. प्रकल्पाचा परिणाम काय होईल याचा अहवाल आणि तो सौम्य करण्यासाठीचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा तयार करायचा. त्याचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा. किमान तीस दिवसांची सूचना देऊन राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने जनसुनावणी घ्यायची. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. लोकांचे आक्षेप नोंदवून मग अंतिम अहवाल करायचा. कागदावर ही रीत चांगलीच आहे. बारकाईने वाचू लागले की तिच्यातल्या फटी दिसतात. सुनावणी सुरू करण्यासाठी गणपूर्तीची अट नाही. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतले प्रकल्प, जादा भूसंपादन न करता होणारे रस्त्यांचे रुंदीकरण आणि सर्वांत आश्चर्य म्हणजे इमारतींचे व नगर वसाहतींचे बांधकाम प्रकल्प यांना लोकांशी विचारविनिमय करण्यातून सूटच आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहणारी सावित्री अखेर आमच्या बाणकोटच्या खाडीत उतरते. जिल्ह्याची सीमा आणि वसाहतीचे कुंपण नदीला ठाऊक नसते. परंतु कोणाला विचारायचे हे ठरवताना त्यांचाच आधार घेतला जातो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी असाच एक मराठी सारांश घेऊन आला. त्याच्या गावाजवळ खाडीत एक बांधकाम व्हायचे होते. ‘सर, गावात कोणाला हे कळत नाही, तुम्ही येऊन वाचून दाखवा,’ असे त्याचे म्हणणे. एका रविवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आम्ही तो वाचला. त्यातले एक वाक्य साधारण असे होते : ‘बांधकाम टप्प्यात गाळाच्या प्रमाणात तात्पुरती व मर्यादित वाढ अपेक्षित असून आंतरभरती क्षेत्रातील तलस्थ जीवसृष्टीवरील प्रतिकूल परिणाम नगण्य राहील.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही दोष नव्हता. श्रोते मात्र गप्प होते. मग मागे खांबाला टेकून बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारले, ‘तलस्थ म्हंजे आमच्या तिसऱ्याच ना?’ आम्ही हो म्हणालो. ‘आनि तात्पुरता म्हंजे किती पावसाळे?’

आम्हांला उत्तर देता आले नाही, कारण ते त्या सारांशात नव्हतेच. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढायच्या आणि बाजारात विकायच्या, हा त्या वाडीतल्या बायकांचा रोख पैसा. गाळ बसला की तिसऱ्या गुदमरतात हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांचा प्रश्न अडाण्याचा नव्हता. आराखडा करणाऱ्या तज्ज्ञाने स्वतःला जो प्रश्न आधी विचारायला हवा होता, तोच तो होता : काम कोणत्या महिन्यांत बंद ठेवणार, गाळ अडवणारा पडदा किती खोल सोडणार, तिसऱ्या परत येईपर्यंत या घरांनी काय करायचे? ‘नगण्य’ या एका शब्दाने हे सगळे प्रश्न मिटवून टाकले होते. नगण्य म्हणजे ज्याची गणना करायची नाही ते; आणि येथे गणना खरोखरीच झालेली नव्हती.

असाच दुसरा शब्द ‘पडीक’. कोकणातला जांभ्याचा सडा महसुली दप्तरात बहुधा पडीक म्हणून नोंदला जातो. त्या सड्यावर गुरे चरतात, पावसाळ्यात रानफुलांचे गालिचे पसरतात आणि त्याच कातळात मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींना येते. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीची चाचणी सुरू झाली, तेव्हा गावकरी सड्यावर जाऊन बसले. पडीक म्हटलेल्या जागेसाठी माणसे उन्हात का बसतात, याचा विचार तो शब्द लिहिणाऱ्यांनी करायला हवा होता.

जैतापूरचे उदाहरण आपल्या जिल्ह्याला विसरता येण्यासारखे नाही. १६ मे २०१० रोजी माडबनला अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी झाली. अहवालाची मराठी प्रत वेळेवर मिळाली नाही, ही ग्रामस्थांची प्रमुख तक्रार होती. २८ नोव्हेंबर २०१० रोजी पस्तीस अटींसह पर्यावरणीय मंजुरी देण्यात आली, आणि १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनावर झालेल्या गोळीबारात एकाचा जीव गेला. या सगळ्याचे खापर एका न मिळालेल्या प्रतीवर फोडणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्यांना वाचायलाच दिले नाही त्यांचे ऐकून घेतले असे म्हणता येत नाही, एवढे तरी मान्य व्हावे. २०२० साली अधिसूचनेचा नवा मसुदा आला. त्यात सूचनेचा कालावधी तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. तो मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत अनुवादित करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावे लागले.

याच्या उलट अनुभवासाठी आम्हांला तालुक्याबाहेर जावे लागत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकासवांची अंडी पूर्वी माणसे आणि कोल्हीकुत्री पळवीत. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांच्या सहभागाने घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांच्या निवासाची, जेवणाची व्यवस्था गावातल्या घरांनीच केली. तेथे मंडप नव्हता, अध्यक्षस्थान नव्हते. बोलणे झाले ते वाळूवर, गावच्या बोलीत, अनेक हंगाम. संवर्धन आणि बांधकाम यांत फरक आहे हे खरे. बांधकामाला मुदत असते, पैसा अडकलेला असतो. तरीही निर्णय पक्का होण्याआधी आणि लोकांच्या शब्दांत बोलणे सुरू करता येते, एवढे वेळासने दाखवून दिले आहे.

त्या रविवारनंतर आमच्या वर्गात एक उपक्रम सुरू झाला. विद्यार्थी आपापल्या गावातल्या जमिनीच्या, पाण्याच्या आणि भरती-ओहोटीच्या जागांची नावे गोळा करतात : खाजण, मळा, वरकस, सडा, पऱ्या, कोंड. प्रत्येक नावापुढे तेथे काय पिकते, काय मिळते, कोणत्या महिन्यात आणि कोणाला, हे लिहितात. भाषेचा अभ्यास म्हणून त्यांना याचे गुण मिळतात. लेखी हरकतीला जोडण्यासाठी ग्रामपंचायतीला अशी यादी उपयोगी पडते, कारण ज्याला नाव, जागा आणि महिना आहे त्याला नगण्य ठरवणे थोडे कठीण जाते.

विद्यार्थ्यांना आम्ही आणखी दोन गोष्टी सांगतो. मंजुरीनंतर अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. ग्रामसभेने तो मागावा. आणि सुनावणीच्या शेवटी तिचे इतिवृत्त उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवण्याची तरतूद आहे. तोवर ऊन कललेले असते, एसटी चुकण्याची धास्ती असते आणि मंडप अर्धा रिकामा झालेला असतो. त्या वेळी उठू नये. आपण बोललो ते आपल्याच शब्दांत तेथे लिहिले गेले आहे की नाही, हे ऐकूनच घरी जावे.