साखळी कुठल्या चाकाला?

सिडनीतल्या मराठी घरी देशातून आई-बाबा आले की काय काय दाखवायचं याची यादी ठरलेली असते. ऑपेरा हाउस, ब्लू माउंटन्स, हेलेन्सबर्गचं वेंकटेश्वराचं देऊळ, कॅनबेराचं पार्लमेंट. ही यादी महिन्याभरात संपते, मुक्काम मात्र संपलेला नसतो. मग एके दिवशी चहाच्या वेळी यजमानांच्या तोंडून निघून जातं, "जुलैत बर्फ बघायला जाऊ या."

आमच्याही तोंडून निघून गेलं. आईंनी विचारलं, "बर्फ म्हणजे गोळ्याचा का हिमालयातला?" बाबांनी विचारलं, "घाट आहे का?" घाट आहे म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या आंबा घाटात त्यांनी वर्षानुवर्षं अँबॅसडर चालवली होती. तीही भर पावसात आणि टायर पार गोटा झालेले असताना! घाट या विषयावर त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही.

बेत मॉन्ट्रियलच्या आतेभावाच्या कानावर गेला आणि लगेच त्याचा फोन आला. "टायर बदललेत का? नाही? मग जाऊच नका." त्याच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्यानंच सक्तीचं आहे. ते नसतील तर पोलीस दंड करतात. आमची गाडी साध्या टायरवर बर्फात जाणार हे ऐकून त्याला, आम्ही चपला घालून एव्हरेस्टवर निघालो असं वाटलं. त्याचं बोलणं इतकं मनावर घेतलं की दुसऱ्याच दिवशी आम्ही टायरच्या दुकानात गेलो.

तिथे जे शिकलो ते सांगण्यासारखं आहे. टायर काळा आणि गोल असतो, यापलीकडे आपण सहसा बघत नाही. पण साध्या टायरचं रबर थंडीत कडक होत जातं. साधारण ७ अंशांच्या खाली त्याची पकड उतरायला लागते, मग रस्त्यावर बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रण वेगळं असतं, ते गारठ्यातही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीवर सुरीने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. चाक टेकलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. नक्षीच्या खोल खाचांत बर्फ भरून बसतो तोही उपयोगाचा असतो, कारण बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. लहानपणी बर्फाचा गोळा दाबून घट्ट करताना हे आपण सगळ्यांनी पाहिलेलंच आहे.

असले टायर पहिल्यांदा बनले ते फिनलंडमध्ये. आजच्या नोकियन कंपनीच्या पूर्वजांनी १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ते बाजारात आणले. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असेल, तर तो टायर दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नये. ती अक्षरं म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ती फक्त नक्षीची धाटणी सांगतात, त्यासाठी कसली परीक्षा द्यावी लागत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या 'फोर व्हील'वर हीच अक्षरं असतात आणि पार्टीत ती अभिमानाने दाखवली जातात.

दुकानदाराने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे किती दिवस राहणार?" आम्ही म्हटलं, तीन. तो हसला. सिडनीत जुलैत दुपारी १६-१७ अंश असतात. बर्फापर्यंतचा रस्ता साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटरचा, त्यातला बहुतेक कोरडा हायवे. तिथे ते मऊ रबर उगाच झिजणार. आणि उबदार, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर गाडी साध्या टायरपेक्षा जास्त अंतर जाऊन थांबणार. या देशात बर्फ असतो तो एका उबदार रस्त्याच्या शेवटच्या टोकाला. मॉन्ट्रियलला तो घराच्या दारापासून सुरू होतो. आतेभावाचं त्याच्या जागी बरोबर होतं, पण आमचा रस्ता वेगळा होता.

दुकानदाराचा सल्ला असा: आहेत तेच टायर नीट बघून घ्या, नक्षी पुरेशी खोल हवी, हवा बरोबर हवी, आणि साखळ्या घ्या. साखळ्या म्हणजे चाकावर बांधायच्या लोखंडी साखळ्या. अमेरिकेत हॅरी वीड नावाच्या माणसाने १९०४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं होतं, तेव्हापासून त्यांच्यात मूलभूत असा काही फरक पडलेला नाही. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यालाही साखळ्याच हव्या असतात. जूनच्या लाँग वीकएंडपासून ऑक्टोबरच्या लाँग वीकएंडपर्यंत कॉझिअस्को नॅशनल पार्कात दोन चाकांना जोर असलेली गाडी न्यायची तर साखळ्या सोबत असाव्याच लागतात. व्हिक्टोरियातल्या बर्फाळ डोंगरांवर फोर व्हीलवाल्यांनाही त्यातून सुटका नाही, आणि ते योग्यच वाटतं. चारही चाकांना जोर असला की गाडी बर्फातून निघते झोकात, पण थांबताना सगळ्या गाड्यांची अवस्था सारखीच.

तर साखळ्या भाड्याने घेतल्या आणि निघालो. गोलबर्नच्या काँक्रीटच्या अवाढव्य मेंढ्यापाशी डबे उघडले, दशम्या खाल्ल्या. कॅनबेरा मागे टाकल्यावर मोनारोचं पठार लागलं. झाडं जवळजवळ नाहीतच, पिवळं गवत आणि गोल गोल खडक. बाबा म्हणाले, "हा तर आपला माण-खटाव." कूमा, बेरिडेल करत जिंडाबाइनला पोचलो. जिंडाबाइनचं तळं दिसतं नैसर्गिक, पण ते धरणाचं पाणी आहे. १९४९ ते १९७४ या काळात स्नोई माउंटन्सची जलविद्युत योजना उभी राहिली. तीस-पस्तीस देशांतून आलेल्या माणसांनी ती बांधली, आणि साठच्या दशकात जुनं जिंडाबाइन गाव या तळ्याखाली गेलं. हे ऐकल्यावर आई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांचं आजोळ कोयनेच्या पाण्यात गेलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेरिशरकडे निघालो. चढ लागला, पावसाची भुरभुर दाट होत होत पांढरी झाली, आई लहान मुलीसारख्या काचेला नाक लावून बसल्या. थोड्या वेळाने रस्त्याकडेला बोर्ड दिसला, साखळ्या लावा. बाजूला गाड्या उभ्या करायला मोकळी जागा होती, तिथे सगळे वाकून खटपट करत होते. आम्हीही उतरलो. हातमोजे सिडनीतले, म्हणजे शोभेचे. पाच मिनिटांत बोटं बधिर झाली. सूचनांचा कागद भिजून लगदा झाला. आता प्रश्न आला, साखळी कुठल्या चाकांना?

"मागच्या," बाबा म्हणाले. "ताकद मागच्या चाकांना असते."

त्यांच्या अँबॅसडरला होती. आमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. हे आम्हा दोघांनाही पाठ होतं, पण बाबा इतक्या ठामपणे म्हणाले, आणि बोटं इतकी गारठली होती, की डोकं चाललंच नाही. किंवा खरं सांगायचं तर वडील माणसाला तिथे, त्या थंडीत, "तुमचं चुकतंय" म्हणायचं जिवावर आलं. मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या आणि निघालो.

पुढची चाकं जागच्या जागी फिरत, फरफटत गाडी कशीबशी दोनशे मीटर गेली असेल. मग एक छोटा उतार आणि डावीकडे वळण. स्टिअरिंग डावीकडे वळवलं, चाकं वळली, गाडी नाही वळली. ती सरळ निघाली, अगदी सावकाश. वेग माणसाच्या चालण्याइतकाच, पण आपल्या हातात काहीही नाही हे कळायला तेवढा पुरेसा होता. मागून आईंचं "अगं बाई" ऐकू आलं आणि मग त्यांनी रामरक्षा सुरू केली. गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतून थांबली. ढिगाच्या पलीकडे दरीच होती असं नाही, पण जे होतं ते आम्ही नंतर उतरून पाहिलं, आणि त्याबद्दल घरी अजूनही फारसं बोलत नाही.

मागून येणारी एक गाडी थांबली. पंचावन्नच्या आसपासच्या बाई उतरल्या, चाकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राँग एंड, डार्लिंग." बर्फात सरळ गुडघे टेकून त्यांनी मागच्या साखळ्या सोडल्या आणि पुढे बांधल्या. फार तर दहा मिनिटं लागली. जाताना सांगून गेल्या: चाळिसाच्या वर जायचं नाही, थोडं पुढे जाऊन थांबून साखळी पुन्हा ताणायची, आणि वर गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा नाही, तो गोठतो, गाडी गिअरमध्ये ठेवायची. बाबांनी त्यांना खिशातला तिळगुळाचा लाडू दिला. जुलैत तिळगूळ कुठून आला ते आम्ही विचारलं नाही.

वर पोचल्यावर आईंनी बर्फ हातात घेतला, चाखला आणि म्हणाल्या, "सरबत पाहिजे." बाबा मात्र दिवसभर गप्प होते.

रात्री जिंडाबाइनला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे जेवायला होतो. त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीला चार चाकं टांगलेली होती. ते त्यांचे उन्हाळी टायर. घरातली सून नर्स आहे, कूमाला नोकरी करते. सकाळच्या पाळीला पहाटे पाचला घर सोडायचं आणि साठ किलोमीटर अंधारात जायचं. तिला बर्फाची भीती नाही, बर्फ दिसतो. भीती आहे ती न दिसणाऱ्या थराची. रात्रीचं दव किंवा पाणी रस्त्यावर पातळ गोठतं, काचेसारखं पारदर्शक, आणि रस्ता नुसता ओला वाटतो. जिथे झाडांची किंवा डोंगराची सावली पडते तिथे तो थर दहा वाजेपर्यंतही वितळत नाही. अशा तुकड्यांवर साखळी लावून कोण बसणार? आणि कोरड्या डांबरावर साखळी चालत नाही, ती तुटते आणि टायरही फाडते.

एका सकाळी तिची गाडी स्वतःभोवती पूर्ण फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. समोरून त्या वेळी कोणी येत नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी हिवाळी टायर मागवले, दोन नाही, चारही. दोनच लावले तर पुढचं टोक धरतं आणि मागचं टोक झाडूसारखं फिरतं, किंवा याच्या उलट. मे महिन्यात लावायचे, ऑक्टोबरनंतर काढायचे. वेगळ्या रिमवर बसवलेले असल्याने बदलायला अर्धा तास पुरतो. खर्च दुप्पट का? तर नाही, कारण एक जोड वापरात असताना दुसरा झिजत नाही. तरीही सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या होत्या, असं सुनेनेच हसत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कुरकुरले खरी. पण आता मेमध्ये टायर चढवल्याशिवाय मीच हिला बाहेर सोडत नाही."

बाबांनी ते टांगलेले टायर हाताने चाचपून पाहिले. मग बाहेर जाऊन गाडीवरच्या हिवाळी टायरला अंगठ्याचं नख लावलं. "लोण्यासारखं आहे," म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

ज्यांना यंदा जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं अधिक. साखळी घेण्याआधी टायरच्या कडेवरचा आकडा लिहून न्यावा, जसं २०५/५५ आर १६. त्यात २०५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी आणि १६ हा इंचांत रिमचा व्यास. त्याच मापाची साखळी घ्यावी. काही गाड्यांत चाकाभोवती जागाच इतकी कमी असते की साखळी चालत नाही, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. टायरचं वयही कडेवरच मिळतं: चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. डिझेलची गाडी असेल तर डोंगरावर चढण्याआधी तिथलं 'अल्पाइन डिझेल' भरावं, सिडनीचं डिझेल गारठ्यात गोठून मेणासारखं होतं. गाडी भाड्याची असेल तर करार वाचावा, कारण पुष्कळ करारांत बर्फात जायला मनाईच असते. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर बुलॉक्स फ्लॅटला गाडी ठेवून १९८७ पासून धावणाऱ्या स्कीट्यूबच्या गाडीने बोगद्यातून पेरिशरला जावं. आई म्हणतात, हे आधी का नाही सांगितलंत?

आम्ही पुढे स्वतःच्या साखळ्या विकत घेतल्या. त्या गॅरेजमध्ये गणपतीच्या मखराशेजारी असतात. दर वर्षी जूनच्या लाँग वीकएंडच्या आधीच्या रविवारी घरासमोर, कोरड्या उन्हात, त्या चढवून उतरवून बघतो. शेजारी आता विचारत नाहीत. कोल्हापुरात बाबा व्हिडिओ कॉलवर घड्याळ लावून बसतात. गेल्या वर्षी अकरा मिनिटं लागली. सुरुवात करण्याआधी ते न चुकता विचारतात, "कुठल्या चाकाला?"

"पुढच्या, बाबा."

"हां. चालू द्या."