रुमाल मागण्यापूर्वी

पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात एखाद्या खेड्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्या मोडीवाचकाची खरी अडचण अक्षर लावण्याची नसते. कोणता रुमाल मागावा, ही असते. रुमाल म्हणजे चौकोनी फडक्यात गाठ मारून बांधलेला कागदांचा गठ्ठा. १८९१ साली उभारलेल्या दगडी इमारतीत असे हजारो रुमाल आहेत, आणि मागणीच्या चिठ्ठीवर विभाग व क्रमांक घातल्याशिवाय त्यांतला एकही टेबलावर येत नाही. ‘धावड्याविषयी जे असेल ते’ असे लिहून भागत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळच्या भोकरदन तालुक्यातील या गावाहून पुण्याला येणाऱ्या प्रस्तुत लेखकाने आपल्या उमेदीचा मोठा भाग या एकाच प्रश्नाभोवती घालवला आहे, आणि मोतीबिंदूने उजव्या डोळ्याचे काम निम्मे केल्यापासून तो प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच घट्ट झाला आहे. कारण पूर्वी दिवसाला तीन रुमाल चाळून आंधळेपणाने शोधता येत असे, आता एकच नेमका मागावा लागतो.

दफ्तराची मांडणी गावांप्रमाणे नाही, कागद ज्या कचेरीत निपजले किंवा राहिले तिच्याप्रमाणे आहे. शाहू दफ्तर, चिटणिशी आणि पागा हे विभाग नावावरूनच कळतात. रोजकीर्द म्हणजे सरकारातून त्या त्या दिवशी झालेल्या हुकमांची आणि जमाखर्चाची नोंद. घडणी म्हणजे त्याच नोंदी खातेवार फोडून पुन्हा लावलेल्या. प्रांत अजमास म्हणजे प्रांताच्या वसुलाचा अंदाज. आणि जमाव म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतील वतनदारांकडून, इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजी इनाम कमिशनच्या काळात, गोळा केलेले कागद. पेशवाई बुडाल्यावर हे दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले, आणि कोणाचे इनाम खरे व कोणाचे खोटे हे ठरवण्यासाठी, विशेषतः १८५२ च्या अकराव्या कायद्यानंतर, त्याचा कसून वापर झाला. ज्या मुलखात ईस्ट इंडिया कंपनीला सारा वसूल करायचा होता त्या मुलखाचे कागद त्यामुळे बारकाईने लावले गेले, आणि जो मुलूख कंपनीचा नव्हताच त्याचे कागद जिथे पडले तिथेच राहिले असावेत, असे अनुमान करण्यास जागा आहे.

धावड्याचा मुलूख या दुसऱ्या जातीचा. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांकडे आली. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे त्यावर आणखी दहावा. त्यामुळे औरंगाबाद सुभ्यातील खेड्यांवर दोन धन्यांचा अंमल चालू लागला, ज्याला दुअमल म्हणत, आणि एकाच शिवाराचा हिशेब पुण्याकडे मोडीत व निजामाकडे फारसीत असा दोन ठिकाणी गेला. पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातीलच असई येथे इंग्रज आणि शिंदे यांच्यात लढाई झाली, त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला, आणि अजिंठ्याचे डोंगर व गोदावरी यांमधला शिंद्यांचा मुलूख, जालनापूरच्या किल्ल्यासह, हातचा जाऊन शेवटी निजामाकडे गेला. मुलूख गेला तशी दफ्तरातली त्याची निकडही गेली. पुण्याच्या कागदांत या भागाला सरसकट ‘मोगलाई’ म्हटलेले आढळते, आणि पुण्याच्या काही विद्वानांच्या बोलण्यात तो शब्द अजून पुरता जुना झालेला नाही, हे येथे सांगून टाकलेले बरे.

छापील साधनांनी ही गाठ सुटत नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेले रोजनिशीचे उतारे आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून प्रसिद्ध केलेले ४५ खंड हा मोठाच पराक्रम आहे, परंतु निवड करणाऱ्याची नजर लढाया, तह आणि घराणी यांवर होती. त्यांच्या सूच्यांत धावडा शोधू गेले तर साताऱ्याजवळचे धावडशी समोर येते, कारण तेथील ब्रह्मेंद्रस्वामींना सारे मराठा दरबार पत्रे लिहीत असत. स्वामींविषयी आदर ठेवूनही असे म्हणावे लागते की त्यांनी भोकरदनकडच्या अभ्यासकांचा फार वेळ खाल्ला आहे.

मार्ग एकच उरतो, आणि तो कागदाच्या पाठीवरून जातो. जुन्या सनदेच्या किंवा आज्ञापत्राच्या समोरच्या बाजूस ‘लेखनसीमा’ हा मजकूर संपल्याचा शिक्का किंवा शेरा असतो, तो सगळेच पाहतात. परंतु मागे ‘रुजू’, ‘सुरू सूद’, ‘बार’ असे जे आखूड शेरे असतात, ते कागद कोणकोणत्या हातांखालून गेला हे सांगतात, आणि त्यांना तारीख जोडली की त्या दिवसाच्या रोजकीर्दीत नक्कल शोधता येते. तारीखही सरळ नसते. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याचा दिवस, आणि वर्ष सुहूर सनात अरबी अंकशब्दांनी लिहिलेले: ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० मध्ये मृगापासून सुरू होणारे वर्ष निघते. त्याच वर्षाचा फसली सन ११८० असल्याने त्यात मात्र ५९० मिळवावे लागतात. दुअमली खेड्याच्या कागदांत हे दोन्ही सन भेटतात, आणि नऊ वर्षांच्या या फरकात पुष्कळांच्या वंशावळी वाहून गेल्या आहेत.

पण हा मार्ग वर्तुळाकार आहे, हाच त्यातला हट्टी भाग. दफ्तरातला कागद काढण्यासाठी तारीख हवी, आणि तारीख हाती येण्यासाठी आधी एक कागद हवा. तो पहिला कागद पुण्यात नसतो, गावातल्या पाटील, कुलकर्णी किंवा जोशी घराण्याच्या पेटीत असतो; आणि अलीकडे तो पेटीतही नसतो, कारण घर पाडून स्लॅब टाकताना ‘जुनी रद्दी’ म्हणून तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलेला असतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून अशा पेट्या उघडत आणि त्यांतून त्यांनी साधनांचे खंड उभे केले. आजचा संशोधक वातानुकूलित वाचनकक्षात कागद येण्याची वाट पाहतो. त्याहून वाईट अवस्था आडनावाच्या शोधात येणाऱ्यांची आहे, ज्यांना पूर्वज सरदार निघाला नाही तर दफ्तर अपुरे वाटते.

रुमाल उघडण्याचे सुख मात्र कोणत्याही तक्रारीने कमी होत नाही. गाठ सोडली की उभ्या घड्यांचे कागद किंचित फुगतात. शाई वाळवण्यासाठी टाकलेल्या वाळूचे कण अजूनही अक्षरांच्या काठाला चिकटलेले असतात आणि घडी उलगडताना टेबलावर गळतात. आधी ओढलेल्या रेघेला लटकलेला, बोरू न उचलता लिहिलेला, शब्दांत जागा नसलेला मजकूर. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे. आणि त्या दोहोंमध्ये कोठेतरी गावाचे नाव, ज्यात ध आहे की द, व आहे की ब, हे त्या एका कारकुनाच्या इतर ओळी वाचून ठरवायचे. हे वाचताना प्रस्तुत लेखक ओळ हलक्या आवाजात उच्चारतो, आणि ती शेजारच्या टेबलावर ऐकू जावी इतकीच हलकी ठेवतो, ही गोष्ट खोटी नाही. जो मजकूर छापील खंडात स्वच्छ मिळतो तोही लेखक मूळ रुमालातूनच मागतो, कारण खेड्यातून आलेल्या माणसापुढे रुमाल उघडा असलेला दिसावा, हे त्याला आवडते.

या सवयींना अलीकडे एका शिष्येने बाधा आणली आहे. भोकरदनच्या महाविद्यालयात शिकलेली ही मुलगी कागदाचे छायाचित्र पडद्यावर मोठे करून वाचते, ज्यामुळे बोरूचा दाब दिसत नाही अशी गुरूची तक्रार आहे; परंतु शेरा तिला आधी दिसतो, ही वस्तुस्थिती आहे. शिवाय रुमाल आणून देणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्याला ती सरळ विचारते, ‘काका, मोगलाईकडचं अजून कशात असंल?’ आणि तो ज्या विभागाचे नाव सुचवतो तो बहुधा यादीत अपेक्षित नसतो. इतकी वर्षे हा प्रश्न त्या माणसाला विचारणे लेखकाला कमीपणाचे वाटत आले, आणि अजूनही वाटते.

तिनेच आता दुसऱ्या धन्याची बाजू उघडण्याचे काढले आहे. हैदराबादच्या अभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळापासूनचे फारसी कागद आहेत, आणि औरंगाबाद सुभ्याचा अर्धा हिशेब तेथे न पाहता धावड्याविषयी काही बोलणे अर्धवट ठरते, हे गुरूनेच तिला अनेकदा सांगितले होते. तिने उर्दू लिपीचे वर्ग सुरू केले, पुढे फारसी घ्यायचे ठरवले, आणि ‘सर, दोघं मिळून शिकू’ असे सुचवले. अलिफ-बे गिरवताना शिष्येपेक्षा मागे राहण्याची कल्पना सहन न झाल्याने सरांनी डोळ्यांचे कारण पुढे केले आणि परगण्याच्या मोडी कागदांची यादी नव्याने करायला घेतली, जिची गरज सध्या कोणालाच नाही.