पाठ टेकू देऊ नका

गतवर्षी वडिलांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी ते अंथरूण सोडीनात. पुन्हा पडतील या धास्तीने, डॉक्टर असूनही, मी ‘पडून राहा’ असेच सांगत राहिलो. पंधरवड्यात मांड्या ओसरल्या. झोपून राहिल्याने वृद्धांचे स्नायू झपाट्याने झिजतात, हे ठाऊक असूनही चूक माझ्याच हातून घडली.

तरुणपणी वडील तालमीत घुमलेले. एके संध्याकाळी मी खाशाबा जाधवांचा विषय काढला. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये, सवय नसलेल्या मॅटवर, ते सहावे आले. चार वर्षे मेहनत करून १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

वडील हसले. म्हणाले, “अरे, गुडघा टेकला म्हणून कोणी हरत नाही. पाठ लागली, तरच चितपट!”

दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवरून उठबस सुरू झाली. प्रथम तीन वेळा, आठवड्याने पाच. चक्कर वा धाप जाणवली की विश्रांती. मी शेजारी उभा राही. मात्र गरज पडल्याखेरीज हात देत नसे. तीन महिन्यांनी काठी टेकीत ते सिद्धार्थ उद्यानातल्या आपल्या आवडत्या बाकावर जाऊन बसले.

ज्येष्ठांना जरूर जपा. पण डॉक्टरांची अनुमती असेल तेवढे त्यांना उठू द्या. अतिकाळजीने त्यांची पाठ अंथरुणाला लावू नका.