बर्फाखाली रस्ता आहे

२७५/५५ आर २०. टायरच्या अंगावर छापलेल्या या आकड्यात २७५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. 'आर' म्हणजे रेडियल. आणि शेवटचे २० म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. आमच्या टीममध्ये कुणी असा डेटा फॉरमॅट आणला असता तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची धडगत नव्हती.

ऑगस्टमध्ये आम्ही जुनी एफ-१५० पिकअप घेतली, तिला हे टायर होते. दिसायला राजबिंडे, मोठ्ठं चकचकीत रिम आणि त्याभोवती रबराची बेताची पट्टी. आम्ही राहतो हॉटनला. मिशिगनच्या उत्तर टोकाला सुपिरियर सरोवरात घुसलेली कीविनॉ नावाची जमिनीची जीभ आहे, तिच्यावरचं हे छोटं गाव. बायको मिशिगन टेकमध्ये पीएचडी करते, मी घरून कोड लिहितो. हिवाळ्यात सरोवरावरून येणारा वारा वाफ उचलतो आणि इथल्या टेकड्यांवर बर्फ करून ओततो. वर्षाला सरासरी २०० इंचांच्या वर. यूएस-४१ या हमरस्त्याच्या कडेला बर्फाची एक उंच मोजपट्टी उभी केली आहे. तिच्यावर १९७८-७९च्या हिवाळ्याची खूण ३९०.४ इंचांवर आहे, म्हणजे जवळजवळ १० मीटर.

सप्टेंबरमध्ये सोनोग्राफीत दोन ठोके दिसले. जुळं. तारीख मार्च अखेरची, पण निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पुरे व्हायच्या आतच येतात. डॉक्टरबाईंनी सांगितलं की दर दोन आठवड्यांनी मार्क्वेटला दाखवायचं आणि बाळंतपणही तिकडेच, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांची सोय तिथे आहे. मार्क्वेट १६० किलोमीटर, त्याच यूएस-४१ने, ऐन हिवाळ्यात. टायर हा विषय माझ्यासाठी तिथे सुरू झाला.

टायरच्या दुकानातल्या माणसाचं मत होतं की आहेत त्याच रिमवर आणखी रुंद टायर घाल, "पिकअपला शोभतात." साताऱ्याहून बाबांचंही तेच, पण कारण वेगळं. "अरे, बैलगाडीची धाव बघितलीस ना? केवढीशी असते. काळ्या रानात पाऊस झाला की गाडी आसापर्यंत रुतते. रुंद घे."

बाबांचं म्हणणं चिखलासाठी शंभर टक्के खरं आहे. मी त्यांना म्हणालो, "बाबा, मला रुतायचंच आहे. खाली डांबर आहे."

बर्फात चाक चालवण्याच्या दोन उलट रीती आहेत. आइसलँडमध्ये हिमनद्यांवर जाणाऱ्या गाड्यांना ३८ इंच किंवा त्याहून मोठे, रुंद टायर लावतात आणि त्यांतली हवा मोजक्या पीएसआयपर्यंत उतरवतात. चाक चपटं होतं, वजन पसरतं, गाडी बर्फावर तरंगते. तिथे खाली रस्ता नाहीच, असलाच तर आणखी शेकडो मीटर बर्फ. आमच्याकडे नांगर लावलेला ट्रक तास-दोन तासांपूर्वी येऊन गेलेला असतो आणि वर वीतभर भुसभुशीत थर साचलेला असतो. तो कापून खाली पोचायचं, तर चाक अरुंद हवं.

'अरुंद टायरचा जमिनीवर दाब जास्त' हे वाक्य सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. आमच्या गाडीच्या एका चाकावर साधारण ५५० ते ६०० किलो येतात. आत हवा ३५ पीएसआय असेल तर जमिनीला टेकणारं रबर ढोबळमानाने २४० चौरस सेंटीमीटर, पसरलेल्या दीड-दोन पंजांएवढं. टायर रुंद घेतला काय, अरुंद घेतला काय, वजन आणि हवा तीच असेल तर हे क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. बदलतो तो आकार. रुंद टायरचा ठसा आडवा, अरुंदाचा लांबट. आडवा ठसा पुढचा बर्फ फावड्यासारखा ढकलत नेतो, लांबटाला ढकलावा लागणारा बर्फ कमी.

मराठीत आपण स्नो आणि आइस दोघांनाही बर्फ म्हणून मोकळे होतो. टायरला ते परवडत नाही. भुसभुशीत बर्फात टायरच्या खाचांत बर्फ गच्च भरतो आणि बर्फच बर्फाला धरतो. काचेसारख्या बर्फावर रुंदीपेक्षा रबर किती मऊ आणि त्यावर बारीक चिरा किती, हे महत्त्वाचं. उन्हाळी टायरचं रबर ७ अंश सेल्सियसच्या आसपासच ताठरायला लागतं, आणि जानेवारीत ७ अंश म्हणजे इथे लोक हाफ पँट घालतात. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून घ्यावं. नुसत्या 'एम+एस' अक्षरांवर जाऊ नये. पण त्या चिन्हाची चाचणीही दाबलेल्या बर्फावर गाडी वेग किती घेते एवढंच मोजते. थांबते कशी, हे विचारत नाही. फोर-व्हील ड्राइव्हचंही तेच: निघायला चार चाकं, थांबायला सगळ्यांनाच चार. म्हणून मी सरळ हिवाळी टायर घेतले, चारही.

माप ठरलं २६५/७० आर १७. कंपनी याच गाडीला हेही माप देते, त्यामुळे १७ इंची रिम ब्रेकला घासण्याचा प्रश्न नव्हता. जुन्या टायरचा एकूण व्यास ८१०.५ मिमी, नव्याचा ८०२.८. फरक एक टक्क्याच्या आत. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ५९.४वर असते. रुंदी फक्त १० मिमी कमी झाली, त्याहून अरुंद माप वजनाच्या हिशेबात मला नको होतं. खरा फायदा भिंतीत: १५१ मिमीची १८५ झाली. बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिमऐवजी रबर मार खातं. चाकंच वेगळी घेतल्यामुळे एप्रिलमध्ये नट सोडले की काम झालं. हवेचा दाब सांगणारे सेन्सर मात्र दुसऱ्या संचालाही घ्यावे लागले.

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, म्हणून हौद्यात मागच्या आसाच्या वर वाळूची पोती बांधून टाकली. हे बाबांना लगेच पटलं. त्यांनी वीस वर्षं टेम्पो चालवलाय, पावसात रिकामा टेम्पो कसा ढुंगण फिरवतो ते त्यांना मी सांगायला नको.

डिसेंबरपासून पाच खेपा झाल्या. बारागाच्या पुढे खाडीवरून आडवा वारा येतो आणि रस्ता कुठे संपतो ते कळत नाही, तिथे मी ताशी ३५ मैलांच्या वर जात नाही. एका खेपेला तीन तास लागले. बायको अर्धा वेळ झोपली होती. गेल्या तपासणीत एकाचं वजन १४०० ग्रॅम, दुसरीचं १३५०. पुढची तारीख गुरुवारी, अंदाज आठ इंचांचा. तापमान १० फॅरनहाइटने उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआय उतरते, म्हणून बुधवारी रात्री गेज घेऊन बाहेर जायचंय.