तसबिरीतील हद्द

प्रतिष्ठितांच्या तसबिरी रंगवून चरितार्थ चालविणाऱ्या आम्हा चित्रकारांचा एक अलिखित करारनामा असतो: बसणाराने मोबदला द्यावा आणि तो स्वतःला जसा समजतो तसा आम्ही त्याला रंगवावा. जॉन सिंगर सार्जंटने १८८४ साली पॅरिसच्या ‘सालों’ या वार्षिक प्रदर्शनात मांडलेले मादाम गोत्रो यांचे चित्र या शिरस्त्यात बसत नाही. ते कोणी काढवून घेतलेले नव्हते, त्यांच्या रूपाने भारलेल्या चित्रकारानेच त्यांना बैठकीस राजी केले होते.

काळा पोशाख, केसांत डायनादेवीची चंद्रकोर, मुख पूर्ण बाजूला वळविलेले आणि उजवा हात मेजावर टेकलेला, अशी ही पुरुषभर उंचीची आकृती प्रथमदर्शनी निव्वळ लालित्याची वाटते. परंतु ज्याने बैठकीत अवघडलेली माणसे तासन्‌तास न्याहाळली आहेत त्याला त्या हाताची पिळवटलेली मुरड आणि मानेची ताठर शीर पाहताच उमगते, की हे लालित्य मोठ्या आयासाने तोलून धरलेले आहे.

प्रेक्षकांनी फिर्याद केली ती खांद्यावरून ओघळलेल्या पट्ट्याची. बाईंच्या मातोश्रींनी चित्र काढून घेण्याचा तगादा लावला. पुढे सार्जंटने तो पट्टा पुन्हा रंगवून खांद्यावर चढविला, आणि १९१६ साली चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयास विकताना बाईंचे नाव जाहीर न करण्याची विनंती केली. पट्टा जागेवर आला, नाव दप्तराआड गेले, तरी चित्र निरुपद्रवी झाले नाही, याचे कारण माझ्या मते कानात आहे. पावडरीने जांभळट पांढुरक्या झालेल्या त्या अंगकांतीत कान तेवढा रक्तवर्ण, स्वाभाविक गुलाबी राहिला आहे. हाच जांभळट रंग कानावरूनही फिरवला असता तर चित्र शोभिवंत झाले असते आणि प्रसाधनाला त्वचा म्हणून खपविल्याचा दोष कोणाच्या ध्यानीही आला नसता. सार्जंटने मात्र प्रसाधन जिथे संपते ती सीमा बिनदिक्कत नोंदवून ठेवली.

म्हणून अशा तसबिरीचा अर्थ लावताना स्त्रीचे शील वा स्वभाव तिच्या मुद्रेवर धुंडाळण्याच्या फंदात मी पडत नाही. तिने स्वतःला कुठवर रचले आणि ती रचना चित्रकाराने कुठवर मंजूर केली, एवढीच हद्द मी दोन रंगांच्या सांध्यावर शोधतो, कारण कुंचल्याची जबानी तेवढ्याच बाबतीत विश्वासार्ह असते.