पुरवणी यादी आत कशी घ्यायची?

मतदानाच्या दिवशी ताडकळस गावात केंद्रापासून ठरलेलं अंतर सोडून, मतदारांची नावं शोधून द्यायला टेबलं लागतात. यादी लावणारा हुशार होता की नुसता घाईत होता, हे तिथे लगेच कळतं. निवडणूक आयोगाची यादी घरांच्या क्रमाने चालते, पण टेबलावरच्या पोराला ती आडनावांवरून, अकारविल्हे हवी असते. "मावशी, आडनाव काय?" "काळे." पोरगा पानं उलटतो. कावळे येतात, कासले येतात, काळे काही येत नाहीत. ते कावळ्यांच्या आधीच येऊन गेलेले असतात. मावशी उन्हात उभ्या.

या गोंधळाचं मूळ आदल्या रात्रीच्या कामात असतं. समजा, मूळ यादीत १२०० नावं आहेत आणि ती आधीच आडनावांप्रमाणे लावून ठेवलेली आहेत. वर ४० नव्या नावांची पुरवणी आली. बहुतेक जण पुरवणी शेपटाला चिकटवतात आणि सगळी यादी पुन्हा लावायला सांगतात. संगणकाला १२४० नावं म्हणजे काहीच नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होतं. त्यामुळे आपण काय उधळलं हे कोणाच्या लक्षात येत नाही. उधळला जातो तो १२०० नावांचा आयता क्रम.

हिशोबच मांडू. प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडून पाहायचं तर ७,६८,१८० तुलना होतात. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या विलीन-क्रमण (मर्ज सॉर्ट) पद्धतीने तेच काम जास्तीत जास्त साडेअकरा हजारांच्या आसपास तुलनांत होतं. पण आधी फक्त ४० नावं लावून घेतली आणि मग दोन्ही याद्यांची पहिली नावं समोरासमोर धरून, जे आधीचं ते उचलत गेलं, तर विलीनीकरणाला कमाल १२३९ तुलना लागतात. चाळीस नावं लावण्याचा खर्च दीड-दोनशेचा. म्हणजे सगळं मिळून दीड हजाराच्या आत.

याहूनही खाली जाता येतं. एक यादी लांबलचक आणि दुसरी तोकडी असेल, तर एकेक नाव ओलांडत जाण्यात अर्थ नाही. ह्वांग आणि लिन यांनी १९७२ मध्ये दाखवलेल्या रीतीत लांब यादीवर टप्प्याटप्प्याने उड्या मारायच्या आणि नाव जिथे बसेल तेवढ्याच पट्ट्यात बारकाईने शोधायचं. १२०० आणि ४० साठी त्यांचं सूत्र कमाल २७४ तुलना सांगतं. पूर्ण वेगळ्या वाटेनेही अडीचशेच्या खाली जाण्याची हमी कोणालाच देता येत नाही, कारण ४० नावं १२०० मध्ये जितक्या प्रकारे मिसळू शकतात, तितके प्रकार वेगळे ओळखायला तेवढे प्रश्न विचारावेच लागतात.

तुलना कमी झाल्या म्हणून काम कमी झालंच असं मात्र नाही. जागा सापडली तरी नाव आत घुसवताना पुढची सगळी नावं एकेक घर सरकवावी लागतात. चाळीस वेळा सरासरी सहाशे घरं धरली तर चोवीस हजार हालचाली. विलीनीकरणात प्रत्येक नाव एकदाच हलतं. पुस्तकांत तुलना मोजतात, कारण त्या मोजायला सोप्या; टेबलावर घाम निघतो तो हलवाहलवीत. छापील यादीच्या मागे पुरवणी तशीच जोडून देतात त्यालाही हा हिशोब आहे. नावं हलवायची नाहीत, त्याऐवजी शोधणाऱ्याने दोनदा शोधायचं. मोठमोठे डेटाबेसही नवी माहिती आधी लहान याद्यांत साठवतात आणि सवडीने मोठ्या यादीत विलीन करतात.

गावाचे सगळे यादी भाग एकत्र करतानाही हाच प्रश्न. बाराशे-बाराशेचे आठ भाग एकामागून एक जोडत गेलं तर ४२,००० वेळा नावं उतरवावी लागतात. दोन-दोनच्या जोड्या, मग चार-चारच्या, असं केलं तर २८,८००.

आयता क्रम वाया जाऊ न देणं यावरच टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथन या संगणकभाषेसाठी 'टिमसॉर्ट' हा यादी लावणारा प्रोग्राम बांधला. तो आधी यादीत कुठे कुठे सलग क्रम आहे ते हुडकतो, मग ते तुकडे विलीन करतो, आणि एकाच बाजूची नावं लागोपाठ जिंकत असतील तर उड्या मारू लागतो. पुढे जावा भाषेनेही तो घेतला. २०१५ मध्ये त्यात एक चूक सापडली. इतकी वर्षं ती जगभर चालली आणि सापडली ती गणिती पुरावा मांडायला बसलेल्यांना. हे वाचून कोणाही यादीवाल्याला थोडं बरं वाटेल.

आता मावशींकडे वळू. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये बसवलेलं आहे, मराठी वर्णमालेत ते ह नंतर येतं. संगणकाला नुसत्या सांकेतिक क्रमांकांवर सोडलं तर काळे कावळ्यांच्या आधी लागतात. एक यादी अशी आणि दुसरी मराठी क्रमाची असेल, तर विलीनीकरणाचा पायाच ढासळतो. एक काळे वर, तेच काळे दुसऱ्यांदा खाली. दुबार नावं शेजारी-शेजारी आली तरच पकडता येतात. इथे ती भेटतच नाहीत. कऱ्हाळ्यांची गत आणखी वाईट. त्यांच्या नावातला 'ऱ्ह' टंकायच्या दोन रीती आहेत. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात, संगणकाला मात्र त्या दोन वेगळ्या माणसांच्या वाटतात. वेगवान विलीनीकरण अशा वेळी चुकीची यादी वेगाने देतं, एवढंच.

तेव्हा याद्यांची सॉफ्टवेअरं विकणाऱ्यांनी एवढं करावं: 'ऱ्ह' आधी एकाच रीतीचा करून घ्यावा, दोन्ही याद्यांना मराठी वर्णक्रम लावावा, आणि मगच त्या एकत्र कराव्यात. मराठीचा हा क्रम युनिकोडच्या भाषावार नियमांत नोंदवलेला आहे. तो निवडायचं तेवढं बाकी असतं.