पाचर

“सर, तुमच्या कॅलेंडरला भोक पडलंय.”

2008च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेतून हा फोन आला. कर्जाच्या अर्जाचा वेब फॉर्म आम्ही पुण्यात बसून केला होता. माझ्या मशीनवर फायरफॉक्समध्ये तो देखणा दिसायचा. कॅलेंडरला भोक कसलं? फोनवर अर्धा तास डोकेफोड केली, पण त्यांचं मला आणि माझं त्यांना काही कळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली.

शाखेतल्या मॅडमनी जन्मतारखेच्या चौकटीवर क्लिक केलं. कॅलेंडर उघडलं, आणि त्याच्या पार मधोमध, तारखांच्या डोक्यावर, ‘सांगली’ आणि ‘शेती’. फॉर्ममधले खालचे जिल्हा आणि व्यवसायाचे ड्रॉपडाउन कॅलेंडर फोडून वर आले होते. 12 ते 16 तारखा गायब.

“मग चौदा तारखेला जन्मलेल्यानं कर्ज घ्यायचं नाही का?” मॅडम म्हणाल्या. तोवर त्या जवळची तारीख टाकत होत्या आणि खरी तारीख प्रिंटवर पेनानं लिहीत होत्या.

मशीन एक्सपीचं, ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर 6. वेब पानावरच्या गोष्टी कागदांसारख्या एकावर एक रचता येतात. कोण वर, कोण खाली हे झेड-इंडेक्स नावाच्या आकड्यावर ठरतं. पण आयई 6 मध्ये ड्रॉपडाउन पानाच्या या रचनेत नसायचाच. तो विंडोजची स्वतंत्र खिडकी म्हणून पानावर चिकटवलेला असायचा. कॅलेंडरला दहा हजारांचा झेड-इंडेक्स दिला तरी ड्रॉपडाउनला त्याचं सोयरसुतक नाही. ऑक्टोबर 2006 मध्ये आलेल्या आयई 7 मध्ये हे सुधारलं होतं, पण बँकेचं दुसरं एक सॉफ्टवेअर 6 वरच चालायचं. ब्राउझर बदलणं शक्य नव्हतं.

तिथंच बसून पहिला उपाय केला. कॅलेंडर उघडलं की ड्रॉपडाउन लपवायचे, मिटलं की परत दाखवायचे. चार ओळींचं काम. मॅडमनी तारखेवर क्लिक केलं आणि दचकून हात मागे घेतला.

“अगंबाई, माझा जिल्हा पुसला!”

“नाही मॅडम, येईल परत.”

आलाही. पण त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. दर वेळी तारीख भरून झाली की त्या जिल्हा पुन्हा निवडायच्या. पडद्यावर काही विपरीत दिसलं की भरणाऱ्याला आपलंच चुकलं असं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. तो उपाय काढून टाकला.

दुसरा उपाय त्या काळी आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होता. आयफ्रेम म्हणजे पानातलं छोटं पान. आयई 6 मध्ये ती दोन्हीकडची पाहुणी होती. ड्रॉपडाउनच्या वर बसू शकायची आणि कॅलेंडरच्या खालीही राहायची. म्हणून कॅलेंडरच्याच मापाची एक रिकामी, पारदर्शक आयफ्रेम मधल्या थरात सरकवायची. तिला आम्ही ‘शिम’ म्हणायचो. शिम म्हणजे पाचर. दांडा ढिला झाला की सुतार फटीत ठोकतो तीच. तिचा पत्ता कोरा ठेवला तर सुरक्षित पानावर आयई इशारा द्यायचा की पानात असुरक्षित गोष्टीही आहेत. बँकेच्या फॉर्मवर असला इशारा म्हणजे संपलंच. म्हणून पत्त्याच्या जागी ‘जावास्क्रिप्ट: फॉल्स’ लिहायचं, की तो गप्प. भोक बुजलं.

निघता निघता मॅडमनी आणखी एक दाखवलं. मराठीत नाव लिहिताना ‘कुलकर्णी’चं ‘कुलकणी’ दिसत होतं. मी चौकटीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं पक्की बांधली होती आणि रफार वर छाटला जात होता. तो टाइप झालाच नाही असं समजून त्या नाव पुन्हा पुन्हा लिहायच्या. उंचीची ओळ काढून टाकली, रफार आला. इथं ब्राउझरचा दोष नव्हता, माझाच होता, त्यामुळे दुरुस्तीही सरळ होती.

पाचरीच्या कोडवर मात्र मी रोमन लिपीत, मराठीत शेरा लिहिला: ‘तात्पुरतं. सगळीकडे आयई 7 आलं की काढणे.’ खाली माझी आद्याक्षरं. नव्या ब्राउझरांत पाचर दिसू नये म्हणून ओपॅसिटी शून्य केली. ती फक्त आयई 6 साठीच ठोकायची अशी अट घालायला हवी होती. शेवटची एसटी साडेपाचची होती. अट राहिली.

2019 मध्ये त्याच बँकेनं कर्मचाऱ्यांना टॅबलेट दिले आणि तक्रार आली: जिल्हा निवडता येत नाही. दर वेळी नाही, कधी कधी. आमच्या टीममधल्या नव्या मुलीनं दोन दिवस डोकं घातलं आणि मग मला बोलावलं. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरनं तिनं जिल्ह्यावर बोट ठेवलं, तर निवडली गेली भलतीच चौकट. रिकामी, अदृश्य आयफ्रेम. तारीख निवडली की कॅलेंडरबरोबर ती मिटायची, पण टॅबलेटवर लोक बाहेर कुठंतरी टॅप करून कॅलेंडर बंद करायचे. मग कॅलेंडर जायचं आणि पाचर तिथंच राहायची. प्रत्येक टॅप ती गिळायची.

“सर, हे कशासाठी आहे? कुणी काढलं नाही, कारण काय मोडेल ते कुणालाच माहीत नाही,” ती म्हणाली आणि शेरा वाचू लागली. आद्याक्षरांपाशी येऊन थांबली. माझ्याकडे बघितलं.

मराठीत पाचर दोन कामांची. ढिलं घट्ट करायचं असलं तरी पाचर ठोकतात आणि एखाद्याचं काम अडवायचं असलं तरी पाचरच मारतात. माझ्या एकाच पाचरीनं दोन्ही केलं होतं.

त्या ओळी तिनंच काढल्या. मी शाखेत फोन लावला. त्या मॅडम निवृत्त झाल्या होत्या. फोनवरच्या मुलाला म्हणालो, जिल्हा निवडून बघा.

“झाला,” तो म्हणाला. “मला वाटत होतं, माझंच बोट नीट लागत नाही.”